‘मला जायचे आहे’ : यात कर्ता कोण?

धुळ्यातील एका संपर्कसत्रात साक्री तालुक्यातून आलेल्या, चाळिशीतल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ‘मला गावाला जायचे आहे’ यात कर्ता कोणता लिहायचा? ‘मला’ लिहिले तर चूक दिली, आणि दुसरा तर वाक्यात सापडत नाही.” माझ्या मते चूक तिची नव्हती, कर्ता केवळ प्रथमेत शोधायला लावणाऱ्या आपल्या अध्यापनाची होती.

‘त्याने आंबा खाल्ला’ यातील तृतीयेतला कर्ता आपण निमूटपणे मान्य करतो. ‘-ला’ दिसला की मात्र अडखळतो. वास्तविक ‘जाणे, जायला, जायचे’ अशी कृदन्ते वाक्यात आली की कर्त्याने प्रथमा सोडणे ही केवळ मराठीची तऱ्हा नव्हे. प्राचीन ग्रीकमध्ये अशा क्रियारूपाचा कर्ता मुख्य क्रियापदाच्या कर्त्याहून वेगळा असेल, तर तो द्वितीयेत येतो आणि व्याकरणकार त्याला कर्ताच म्हणतात. इंग्रजीत ‘आय वाँट हिम टू गो’ असेच म्हणावे लागते; जाणारा ‘तो’ असूनही तेथे ‘ही’ चालत नाही. मराठीत तर कर्ता कधी लपतोही. ‘मी जायला हवे’ यातील ‘मी’ प्रथमा वाटते. त्या जागी तृतीय पुरुष घाला, ‘त्याने जायला हवे’ असे होते. ती तृतीयाच होती!

मग ‘मला’ कर्ता कशावरून? ‘-ऊन’ लावलेले क्रियारूप जोडून पाहावे. ‘रामाला जेवून जायचे आहे’ यात जेवणारा राम. ‘मी रामाला जेवून भेटलो’ यात जेवणारा मी. ‘रामाला’ हे रूप दोन्हीकडे तेच, पण ‘जेवून’ या रूपाने पहिल्या वाक्यात रामाला कर्ता मानले, दुसऱ्यात मानले नाही. क्रियापद कोणाप्रमाणे बदलते, हा प्रश्न वेगळा आहे. ‘मला चिठ्ठी लिहायची आहे’, ‘मला पत्रे लिहायची आहेत’ यांत ते कर्माप्रमाणे बदलते. म्हणून लिहिणारा कोणी दुसरा ठरत नाही. काही अभ्यासक ‘जायचे’ हाच कर्ता मानतात. क्रियापदाची जुळणी एवढाच निकष धरला तर ते म्हणणे टिकते, परंतु वरील जेवणाऱ्याचा उलगडा त्यातून होत नाही.

येथे खानदेशच्या विद्यार्थ्याजवळ घरचाच पुरावा आहे. अहिराणीत ‘माले जानं शे’ म्हणतात, आणि ‘जेवायला’ याला ‘जेवाले’. दोन्हींतला ‘ले’ एकच. प्रमाण मराठीत ‘मला’ आणि ‘जेवायला’, मालवणीत ‘माका’ आणि ‘जेवूक’: प्रत्यय बदलतो, जोडी बदलत नाही. म्हणजे ज्याला विभक्तिप्रत्यय लागतो असा केवळ कर्ता नाही. ते क्रियारूपही मुळात नाम असून स्वतः विभक्ती घेऊन उभे आहे. संस्कृतातील ‘गन्तुम्’ हे एका क्रियानामाचे गोठलेले द्वितीयेचे रूप. इंग्रजी ‘टू गो’ मधला ‘टू’ हा मूळचा ‘कडे’ या अर्थाचाच शब्द. ग्रीकने तर या रूपाला उपपद लावून त्याच्या विभक्त्याही चालवल्या. ग्रिअर्सनने १९०७ मध्ये खानदेशीला भिल्ल भाषांच्या खंडात जागा दिली. त्या वर्गीकरणावर मतभेद होऊ शकतील, पण ‘माले जेवाले’ ऐकणाऱ्या मुलाला हा ‘ले’ दोनदा ऐकू येतो. वर्गात आपण त्याला ते ‘अशुद्ध’ म्हणून विसरायला लावतो, आणि मग तोच नियम तक्त्यातून पाठ करायला सांगतो.

विद्यार्थिमित्रांनो, अशा प्रश्नाचे उत्तर दोन भागांत लिहावे: रूप चतुर्थीचे, संबंध कर्त्याचा. साक्रीच्या त्या विद्यार्थिनीलाही मी हेच सांगितले. तिची उत्तरपत्रिका माझ्याकडे आली, तर मी पूर्ण गुण देईन. दुसऱ्या कोणाकडे गेली, तर काय होईल, असे तिने विचारले. “‘जेवून’ची कसोटी उत्तरातच लिहा,” एवढेच मला सांगता आले.