संगणकालाही देखभाल हवी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांत यंत्राला वेळेवर वंगण मिळते, मायक्रोमीटरचे कॅलिब्रेशन होते, त्याची नोंदही राहते. पण ज्या संगणकात कास्टिंगची ड्रॉइंग, सीएनसीचे प्रोग्रॅम आणि जीएसटीचा हिशेब असतो, त्याची आठवण बहुधा तो बंद पडल्यावरच होते. ही सवय घातक आहे. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये विंडोजमधले एक भगदाड बुजवणारे अपडेट दिले होते. तरी मे महिन्यात त्याच भगदाडातून ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, कारण असंख्य संगणकांवर ते अपडेट घातलेलेच नव्हते. आता विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहेत.

‘चालू यंत्राला हात लावू नये’ हा आक्षेप निराधार नाही. अपडेटनंतर जुने सॉफ्टवेअर चालेनासे झाले, तर अख्खी पाळी वाया जाते. पण यावर उपाय दुर्लक्ष नव्हे, शिस्त आहे. नवे सॉफ्टवेअर आधी एकाच संगणकावर तपासावे. यंत्राला जोडलेला जुना संगणक बदलता येत नसेल, तर तो इंटरनेटपासून तोडावा. खर्चाची अडचण असेल, तर कार्यालयीन कामाला लिनक्स आणि लिब्रेऑफिस मोफत आहेत. बॅकअपची एक प्रत मात्र कारखान्याबाहेरच हवी. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते, हे विसरून चालणार नाही. देखभालीच्या वहीत संगणकाचे पान आजच उघडायला हवे.