पक्कं बिल घ्या, टॅग जपून ठेवा

मृग तोंडावर आला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कृषी केंद्रांपुढं उभं राहायला जागा उरत नाही. चिखली घ्या, मेहकर घ्या, नाहीतर जळगाव जामोद. त्या गर्दीत कोणी पक्कं बिल मागितलं की काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं, "बिल कायले पाह्यजे भाऊ? वळखीचेच तर हा तुम्ही." मग आपण तळहाताएवढी कच्ची चिठ्ठी खिशात कोंबतो, बॅग गाडीवर टाकतो आणि घर गाठतो.

मीही एका वर्षी असाच आलो होतो. पेरून आठ दिवस झाले तरी सोयाबीनच्या तासात हातभर अंतरावर एखादंच रोप दिसत होतं. बोटानं माती उकरली तर दाणा फुगून सडलेला. नखानं दाबला की चिखलासारखा पसरायचा. बॅगा आम्ही पेरतानाच फाडल्या होत्या, टॅग बांधावर कुठं पडले ते कोणालाच आठवत नव्हतं आणि चिठ्ठीवर ना लॉट नंबर होता, ना सही. दुबार पेरणीसाठी उसने पैसे काढले. तक्रार करायची म्हटलं तर हातात कागद नव्हता.

म्हणून हे कळकळीनं लिहितोय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली नव्यानं झाला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. विकलेल्या मालाचं बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणजे बिल मागताना तुम्ही कोणाच्या ओळखीवर अविश्वास दाखवत नाही, हक्काची वस्तू मागता. युरियासोबत नको असलेली बाटली किंवा पिशवी गळ्यात मारतात, ज्याला आपण लिंकिंग म्हणतो, तेही या कायद्याच्या व्याख्येत बसतं. एक माल हवा असेल तर दुसरा घ्यावाच लागेल, अशी अट घालणं ही निर्बंधात्मक व्यापारी प्रथा आहे.

याच कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उभं केलं. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारं हे प्राधिकरण तक्रारीची वाट न पाहता स्वतः चौकशी लावू शकतं, धोकादायक माल बाजारातून परत घ्यायला लावू शकतं, पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतं. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. २०२२ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन कंपनीला विकलेले २,२६५ निकृष्ट प्रेशर कुकर परत घेऊन गिऱ्हाइकांचे पैसे परत करण्याचा आदेश या प्राधिकरणानं दिला होता. पण दिल्लीत बसलेल्या माणसांना संग्रामपूरच्या दुकानात काय चाललंय ते कसं दिसणार? त्यासाठी कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांना चौकशीचा अधिकार दिला आहे. एकाच लॉटचं बियाणं गावातल्या दहा जणांचं उगवलं नाही, तर दहा जणांनी मिळून बुलढाण्याला जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हा अधिकार फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून तो वापरलाही जात नाही.

स्वतःची भरपाई मात्र जिल्हा ग्राहक आयोगातच मागावी लागते. "शेतकरी कसला ग्राहक?" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. राष्ट्रीय बीज निगम आणि मधुसूदन रेड्डी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली स्पष्ट सांगितलं आहे की बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहकच आहे. सगळं बियाणं पेरून बसलेल्या माणसाकडं तपासणीसाठी नमुना मागणं रास्त नाही, हेही त्यातच आलं. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही. वकील लावायची सक्ती नाही, आपलं आपण बोलता येतं. कंपनी हैदराबादची असो की गुजरातची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. मुदत २ वर्षांची आहे. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरूनही भरता येते आणि आधी काही विचारायचं असेल तर १९१५ हा फोन नंबर आहे.

पण आयोगापुढं बोलतो तो पंचनामा. उगवण झाली नाही असं दिसलं की त्याच दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार द्या आणि तक्रार निवारण समितीला शेतात यायला लावा. वापसा निघून जाईल या घाईत आपण लगेच वखर घालतो. पोटाची घाई आहे, ती मला कळते. तरी चार तासं तशीच राहू द्या, तारखेसह फोटो काढा आणि शेजाऱ्याला साक्षीला उभं करा.

आणि पेरणीआधी एक आठवडा स्वतःसाठी काढा. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. सहा-सात दिवसांनी मोजा. सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के असावी असं प्रमाण आहे. शंभरात पन्नासच उगवले तर ती बॅग न पेरता बिलासकट दुकानात घेऊन जा.

बॅग फोडताना टॅग असलेली बाजू सोडून खालून फोडा. मूठभर दाणे बॅगेत राहू द्या. ती बॅग, टॅग आणि बिल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या कागदांजवळ, त्याच पेटीत ठेवा. आमच्या घरी आता हे काम माझी बायको करते आणि माल निघून विकून होईपर्यंत ती पिशवी कोणाला हलवू देत नाही.