नाव ठाऊक नसलेले पुस्तक

परवा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मौलाबक्षांची स्वरलिपी कशी असे हो?" मी ऐटीत म्हटले, "थांब, पुस्तकच दाखवतो." उठलो, आणि मग आठवले की ते पुस्तक आता आमच्या घरी नाही.

माझे वडील पोरवयातच बडोद्याच्या कलावंत कारखान्यात लागले होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले, दरबार संपला. घरात उरली ती एक लोखंडी पेटी. तिच्यात पहिली चार पाने फाटलेले एक पातळ पुस्तक असे. समासात वडिलांच्या शिसपेन्सिलीच्या खुणा, कुठे थांबायचे, कुठे श्वास घ्यायचा त्याच्या. वडील गेल्यावर घर आवरताना ती सगळी कागदपत्रे रद्दीवाल्याकडे गेली. देणारा परका नव्हता, मीच होतो.

त्यानंतर कित्येक रात्री मी संगणकापुढे बसलो. मौलाबक्ष, मौला बख्श, मौलाबक्श, सगळी रूपे लिहून पाहिली. त्यांचे नातू सूफी इनायत खाँ पानोपानी भेटले. आजोबांचे ते पातळ पुस्तक काही भेटले नाही. भेटणार तरी कसे? यंत्र नाव विचारते, आणि मुखपृष्ठच नसल्याने नाव मला कधीच ठाऊक नव्हते. मला ठाऊक होता त्याचा वास आणि त्यावरचा तेलाचा डाग.

तेव्हा यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. पुस्तके नाहीशी होतात, ती आधी निरुपयोगी ठरतात म्हणून. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि स्वतःच्या स्वरलिपीत पाठ्यपुस्तके रचली. पुढे भातखंडे यांची पद्धती सर्वत्र रूढ झाली. त्यांची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही १९१६ साली आपल्याच बडोद्यात भरली होती. जी लिपी कोणी शिकवीत नाही, तिचे पुस्तक माळ्यावर जाते, माळ्यावरचे रद्दीत.

दुसरे कारण संस्थानी. १८६७ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखातील छापील पुस्तकाच्या प्रती सरकारजमा होत आणि त्यांच्या याद्या निघत. संस्थाने त्या कायद्याबाहेर होती. म्हणून आपल्याकडील कित्येक पुस्तकांचा ठावठिकाणा आपल्या घरांखेरीज दुसरीकडे नाही.

महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डेनसाहेबांना आणून ग्रंथालयांची व्यवस्था लावली. पण आपण जे किलोच्या भावाने घालवतो, ते कोणते ग्रंथालय सांभाळणार? दसऱ्याला आपण पुस्तकांवर हळदकुंकू वाहतो आणि दिवाळीच्या साफसफाईत तीच पुस्तके जिन्याखाली ठेवतो!

माझे म्हणणे एवढेच. यंदा पूजेच्या आधी पेटी उघडावी. प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान उतरवून घ्यावे, पान नसेल तर ते कोणाचे होते एवढे तरी लिहावे, आणि मग ठेवायचे की ग्रंथालयाला द्यायचे ते ठरवावे.

आणि दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्यात, रद्दीवाल्याच्या हातून पुढे गेलेले, पहिली चार पाने नसलेले, पेन्सिलीच्या खुणांचे एखादे पातळ पुस्तक सापडलेच, तर मला परत आणू नये. माझा त्यावरचा हक्क मी विकला आहे. ते मध्यवर्ती ग्रंथालयात द्यावे. त्या मुलीला मी तिकडेच पाठवीन.