अरण्य कीं लांकडाचें शेत?

"जंगल राखावें तर तें स्वीडनसारख्या देशानें," हें वाक्य हल्लीं आमच्याकडील व्याख्यानांतून व लेखांतून वारंवार कानीं पडूं लागलें आहे. तेथें झाडें तोडतात, कागद करतात, जगभर लांकूड विकतात, आणि तरीही शंभर वर्षांत त्यांचें जंगल कमी न होतां दुप्पट झालें आहे. मग आमच्या वनप्रेमी मंडळींनीं कुऱ्हाडीच्या नांवानें बोटें मोडण्याचें कारण काय? परवां एका विद्वान व्याख्यात्यांच्या मुखांतून हाच सिद्धान्त टाळ्यांच्या गजरांत बाहेर पडला, व त्याच्याच आधारें, एकीकडील रान तोडून दुसरीकडे रोपें लावलीं कीं हिशेब पुरा होतो, असेंही प्रतिपादन झालें. टाळ्या वाजविणाऱ्यांत आमचे कांहीं माजी विद्यार्थी होते. तीस वर्षें आम्हीं वनस्पतिशास्त्र शिकविलें. लांकूड आणि अरण्य यांतील भेद आमच्याच वर्गांतून बाहेर पडलेल्यांस कळत नसेल, तर सगळा दोष व्याख्यात्यांच्या पदरीं घालणें न्यायाचें होणार नाहीं. म्हणून हा लेख.

प्रतिपक्षाचें जें खरें आहे तें प्रथम मान्य करूं. स्वीडनमध्यें १९२३ सालीं राष्ट्रीय वनगणना सुरू झाली; त्या वेळीं उभें असलेलें लांकूड आणि आज उभें असलेलें लांकूड यांची तुलना केली तर आजचें सुमारें दुप्पट भरतें. देशाची जवळजवळ सत्तर टक्के भूमि वनाखालीं आहे. तोडलेल्या जागीं पुनः झाडें उभीं केलींच पाहिजेत असा कायदा तेथें १९०३ सालींच झाला, आणि तो कागदावर राहिला नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील बेसुमार तोडीच्या मानानें ही सुधारणा लहान नव्हे. परंतु हें 'दुप्पट' विशेषण कशास लागू आहे? तें घनफळास लागू आहे. अरण्य जर घनफुटांत मोजतां येत असतें, तर लांकडाची वखार हेंच जगांतील सर्वांत दाट अरण्य ठरलें असतें!

हें लांकूड वाढतें कसें तें पाहावें. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथें साफतोडीची पद्धत रूढ झाली. एका बाजूनें यंत्र शिरतें आणि सबंध पट्टा मोकळा करतें. मग जमीन नांगरल्यासारखी उकरून तींत रोपवाटिकेंतील एकाच वयाचीं स्प्रूसचीं किंवा पाइनचीं रोपें लावतात. मध्यंतरीं विरळणी होते. आणि साठ, ऐंशी, फार तर शंभर-सवाशें वर्षांनीं पुनः सर्व सपाट. पेरणी, निंदणी, कापणी, फक्त हंगाम लांब! १९७० नंतर तर उत्तर अमेरिकेंतील कॉन्टोर्टा पाइन लवकर वाढतो म्हणून तो मोठ्या प्रमाणावर आणून लावला गेला. याला शेती म्हणावें, आमची हरकत नाहीं. शेती हा प्रतिष्ठित व्यवसाय आहे. परंतु उसाच्या फडास कुरण म्हणणाऱ्यास जसें कोणी गंभीरपणें ऐकून घेणार नाहीं, तसेंच या फडास अरण्य म्हणणाऱ्याचेंही व्हावयास पाहिजे.

अरण्यांत आणि या फडांत अंतर कोठें पडतें? तें झाडांपेक्षां झाडांच्या आसऱ्यास असलेल्या गोष्टींत अधिक पडतें. जुन्या स्प्रूसवनांत शेंकडों वर्षांचा वृक्ष आणि कालचें रोप शेजारीं शेजारीं असतात. उभ्या उभ्या वाळलेलीं खोडें असतात. कोसळलेल्या ओंडक्यावर बुरशी, बुरशीवर कीटक, ओंडक्याच्या पोटांत नवें रोप, असा संसार चाललेला असतो. साफतोडीच्या हिशेबांत मेलेलें झाड म्हणजे बुडालेलें उत्पन्न. म्हणून तें राहत नाहीं, व त्याच्याबरोबर हा संसारही राहत नाहीं. आमच्या गृहिणी गोड्या मसाल्यांत जें दगडफूल घालतात, त्याच्याच जातकुळीचीं दगडफुलें तेथें जुन्या फांद्यांवरून करड्या-हिरव्या दाढ्यांसारखीं लोंबत असतात. तीं इतकीं सावकाश वाढतात कीं झाड पुरेसें म्हातारें होण्यापूर्वींच तें तोडलें, तर दाढी फुटण्यास अवधिच मिळत नाहीं.

याच कुळांतील दुसरें एक दगडफूल जमिनीवर पांढुरक्या गालिच्यासारखें पसरतें. हिवाळ्यांत रेनडियर बर्फ खुरांनीं उकरून तेंच खातात, व उत्तरेकडील सामी लोकांचें पशुपालन त्यावर उभें आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, हें दगडफूल ज्यांत विपुल आहे अशा वनांचें क्षेत्र साठ वर्षांत एकाहत्तर टक्क्यांनीं घटलें. दाट लावलेल्या झाडांखालीं उजेड पोहोंचत नाहीं आणि उकरलेल्या जमिनींत गालिचा टिकत नाहीं, हीं त्याचीं प्रमुख कारणें. एकाच देशांत लांकूड दुप्पट होतें, आणि त्याच देशांतील सामी गुराख्यास हिवाळ्यांत विकतचा चारा घालण्याची पाळी येते! व्याख्यात्यांनीं पहिला आंकडा सांगितला. दुसरा सांगावयास त्यांस बहुधा वेळ पुरला नसावा.

ज्या देशानें साऱ्या जगास वनस्पतींचीं नांवें ठेवावयास शिकविलें त्याच्याविषयीं आम्ही हें लिहीत आहों, याची आम्हांस जाणीव आहे. पंचविशीच्या उंबरठ्यावरील लिनियस १७३२ सालीं उप्सालाहून निघून लॅपलंडांत एकटा हिंडला. त्या प्रवासाचें फळ १७३७ सालच्या 'फ्लोरा लॅपोनिका' या ग्रंथांत आहे. १७५३ सालीं त्याचा 'स्पीशीज प्लँटारम' निघाला आणि वनस्पतींच्या दुपदी नांवांची पद्धत कायमची रुजली. त्याच पद्धतीनें आमच्या मुंबई इलाख्यांतील झाडाझुडपांचा कुक यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत निघाला, व त्यांतील नांवांच्या चिठ्ठ्या वाळलेल्या फांद्यांवर डकविण्यांत आमचें निम्में आयुष्य गेलें. स्प्रूसच्या सावलींत फुलणाऱ्या एका नाजूक गुलाबी जोडफुलास लिनियसचेंच नांव आहे. हा वारसा स्वीडिश लोकांनीं टाकलेलाही नाहीं. देशांतील प्रत्येक बहुपेशीय जीवजात शोधून तिचें वर्णन करावें, असा प्रचंड उपक्रम तेथें २००२ सालीं सरकारी खर्चानें सुरू झाला. रविवार साधून दुर्मिळ फुलांची मोजदाद करणारे हौशी लोक तेथें गांवोगांवीं आहेत.

म्हणजे या देशास आपल्या रानांत काय आहे हें ठाऊक नाहीं असें नाहीं. इतकें बारीक ज्ञान दुसऱ्या क्वचितच कोणा देशास असेल. आणि आमचा मुद्दा तोच आहे. २०२० सालच्या लाल यादीसाठीं तेथें सुमारें २१,७०० जाती तपासल्या गेल्या. त्यांतील ४,७४६ त्या यादींत घालाव्या लागल्या. त्या सर्वच वनांतील नव्हेत, जुन्या कुरणांतीलही पुष्कळ आहेत; पण ऱ्हासाच्या प्रमुख कारणांत त्या यादीचे कर्ते वृक्षतोडीचें नांव घेतात. अज्ञानानें नाश झाला तर निदान पश्चात्तापास जागा राहते. येथें नाशाची नोंद दर पांच वर्षांनीं नीटनेटकी छापून निघते, आणि यंत्र पुढच्या पट्ट्याकडे वळतें.

या ज्ञानाची आणि यंत्राची गांठ एका वीतभर आमरीपाशीं पडली आहे. क्नेरूत हें तिचें स्वीडिश नांव. गर्द वनांतील शेवाळांत ती सरपटत वाढते, पानांवर शिरांची जाळी असते, आणि उन्हाळ्यांत पांढऱ्या लहान फुलांचा एक तुरा वर येतो. तिचें बी धुळीइतकें बारीक असून बुरशीच्या साहाय्यावांचून रुजत नाहीं. वरची सावली गेली कीं शेवाळ वाळतें व तिच्यासह आमरीही जाते. कायद्यानें ती संरक्षित असल्यामुळें ती जेथें सांपडते तेथें तोड अडते. मग तिच्याभोंवतीं किती पावलांचें वर्तुळ सोडावें यावर न्यायालयांत वाद होतात. "एका फुलासाठीं शेतकऱ्याचें रान अडवावें काय?" असा प्रश्न विचारला जातो. तो प्रश्न ऐकावयास जितका रास्त वाटतो तितका रास्त नाहीं. भांडण एका फुलाचें नाहींच. ही आमरी जेथें नांदते तेथें सावली, शेवाळ आणि बुरशी यांची सांखळी दीर्घकाळ तुटलेली नाहीं, एवढें ती सांगते. तिला उपटून टाकल्यानें तिची साक्ष खोटी ठरत नाहीं.

मात्र शेतकऱ्याचें गाऱ्हाणें अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. स्वीडनमधील निम्म्याच्या सुमारास वन खासगी कुटुंबांच्या मालकीचें आहे. आजोबांनीं राखलें म्हणूनच जें रान समृद्ध राहिलें, त्याच रानावर नातवास बंधन यावें, आणि ज्यानें पूर्वींच सर्व साफ केलें तो मोकळा सुटावा, हा उफराटा न्याय आहे. त्यास भरपाई मिळालीच पाहिजे. तेथील कायद्यांत ती नुकसानीपेक्षां चतुर्थांशानें अधिक देण्याची तरतूदही आहे. परंतु तिजोरी उघडण्याची वेळ आली कीं मंत्रिमंडळें हात आखडतात. तेव्हां भांडायचें तर तिजोरीशीं भांडावें. हवामानाच्या दृष्टीनें लांकूड बरें असाही एक युक्तिवाद आहे. उत्तरेकडील वनांतला कर्ब बहुतांशीं जमिनींत असतो आणि साफतोडीनंतर ती जमीनच उघडी पडते, एवढें म्हणून आम्ही तो सोडून देतों.

राहतां राहिलीं राष्ट्रीय उद्यानें. युरोपांतील पहिलीं राष्ट्रीय उद्यानें स्वीडननें १९०९ सालीं एकदम नऊ स्थापन केलीं, हें आमच्या व्याख्यात्यांनीं अभिमानानें सांगितलें. त्यांतलीं मोठीं कोठें आहेत? सारेक, आबिस्को, स्तूरा शोफालेट; सगळीं उत्तरेच्या डोंगरांत, जेथें करवतीस फारसें काम नव्हतें. आणि स्तूरा शोफालेट येथें पाण्याच्या विजेस वाव आहे असें दिसतांच, अवघ्या दहा वर्षांनीं, १९१९ सालीं, त्यांतील सरोवरांचा भाग उद्यानांतून वगळून धरणासाठीं देण्यांत आला! ज्या धबधब्यावरून उद्यानास नांव मिळालें त्याचें पाणी गेलें. नांव तेवढें राहिलें. मैदानांतील फायदेशीर वनांच्या वांट्यास १९९३ सालचा कायदा आला. त्यानें उत्पादन आणि निसर्ग हीं दोन ध्येयें समान ठरविलीं व मालकांस 'जबाबदारीसह स्वातंत्र्य' दिलें. स्वातंत्र्य मालकांनीं तत्काळ उचललें. जबाबदारी ज्याच्या त्याच्या मनावर राहिली. कोणीही कोणाच्याही रानांत हिंडावें, बोरें-अळंबीं वेंचावींत, हा तेथील जुना हक्क १९९४ सालीं राज्यघटनेंतही नोंदला गेला. हक्क फार सुंदर आहे. पण त्याच्या बळावर रानांत जातां येतें, रान राखतां येत नाहीं.

२०२१ सालीं तेथील वनस्पतिमंडळानें राष्ट्रीय फूल निवडण्यासाठीं जनतेचें मत घेतलें. लिनियसच्या नांवाचें जोडफूल मागें पडलें आणि निळी घंटाफुली निवडून आली; लोकांनीं उत्साहानें भाग घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारी वनखात्यानें दुसरा एक निर्णय जाहीर केला. दुर्मिळ जातींचें वसतिस्थान म्हणून जपण्याजोग्या वनखंडांची नोंद करण्याचें काम तें खातें १९९० नंतरच्या दशकापासून करीत आलें होतें. तोडीची वर्दी आल्यावर अशीं वनखंडें नोंदणें त्यानें बंद केलें. यापुढें मालक स्वतः मागेल तेव्हांच नोंद व्हावयाची.