तार जाड घाला!

फ्यूजइतका बदनाम झालेला प्रामाणिक नोकर जगात दुसरा नसेल. बिचारा स्वतः जळून घर वाचवतो आणि लोक म्हणतात, "मेला पुन्हा गेला!" वॉचमनने चोर पकडला म्हणून वॉचमनलाच बडवण्यातला हा प्रकार.

माझं भांडण फ्यूजशी नाही. फ्यूज गेल्यावर जो गृहस्थ शांतपणे "तार जाड घाला" म्हणतो, त्याच्याशी आहे. हा गृहस्थ प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक कचेरीत असतो, आणि लोक त्याला हुशार समजतात, हे त्याहून वाईट.

लोणावळ्याचं आणि विजेचं नातं मोठं गमतीचं. इथल्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीत वीज काढली आणि मुंबईच्या गिरण्या चालवल्या. आमच्याकडे मात्र पावसाळ्यात ढग खाली उतरले की वीज वर निघून जाते. म्हणून आमच्या शाखेमागे पत्र्याच्या शेडमध्ये एक डिझेल जनरेटर आहे.

गेल्या जुलैत त्याचा बेल्ट किंचाळू लागला. हाच बेल्ट इंजिन थंड ठेवणारा पंखा फिरवतो आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमोही. साहेबांनी त्याला साबण लावायला सांगितला. बेल्ट गप्प! मग फ्यूज उडू लागला. तीनदा नवा घातला, तीनदा गेला. चौथ्यांदा साहेब म्हणाले, "अहो, रोज रोज काय? तार जाड घाला." मी बी.कॉम. करंट म्हटलं की मला पुढे अकाउंटच आठवतो. मी गप्प बसलो. हे पाप माझ्या खाती नोंदवून ठेवा.

एक तारखेला वीज गेली. मावळातून पहिल्या एसटीने आलेले पेन्शनर रांगेत उभे. जनरेटर सुरू झाला आणि दहा मिनिटांत शेडमधून धूर! आमच्या शिपाईकाकांनी धावत जाऊन वाळूची बादली ओतली म्हणून निभावलं. त्यांच्या मनगटाला भाजलं ते भाजलंच. जाड तार मात्र शाबूत होती. जळली ती बाकीची वायरिंग.

आता लोणावळ्याला समुद्र नाही, पण नौदलाच्या इंजिनवाल्यांची शाळा आहे. 'आयएनएस शिवाजी' १९४५ पासून इथे डोंगरात आहे. तिथून निवृत्त झालेले एक काका रांगेत होते. पासबुक माझ्या हातात देऊन ते शेडमध्ये शिरले. पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, डायनॅमोचा बोल्ट ढिला आहे. डायनॅमो कलला, म्हणून बेल्ट सैल झाला. सैल बेल्ट घसरतो, म्हणून ओरडतो. आणि कललेल्या डायनॅमोवर वायर घासून उघडी पडली, म्हणून फ्यूज जात होता. दोन्ही तक्रारी एकाच बोल्टच्या होत्या."

"पण चालत होतं ना?" साहेब.

"बोटीवर असं चालवून बघा. लहान बोटीत समुद्राचं पाणी ओढून जनरेटर गार ठेवणारा पंपसुद्धा पुष्कळदा बेल्टवरच फिरतो. बेल्ट सैल तर पंप मंद, पंप मंद तर इंजिन गरम. वर जाड तार घालून आग लावलीत तर पळणार कुठे? चारी बाजूंना पाणी आणि मधे आपण."

मग त्यांनी सांगितलं ते मी स्लिपवर उतरवून घेतलं. इंजिन बंद करून बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबावा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. भेगा पडल्या असतील तर बदलावा. खाली काळी भुकटी दिसली तर पुल्या एका रेषेत आहेत का ते पाहावं. फ्यूज जितक्या अँपिअरचा तितक्याचाच घालावा. लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, काही वेळाने उडाला तर बहुधा भार जास्त आहे. पण आधी कारण, मग फ्यूज.

यात कठीण काय आहे? काहीच नाही. एक पाना आणि दोन मिनिटं. पण दोन मिनिटं कारण शोधण्यापेक्षा आपल्याला तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद करणं सोपं वाटतं. ओरडणाऱ्याला साबण, अडवणाऱ्याच्या जागी जाड तार! आमच्याच शाखेत एका कॅशियरने एका व्हाउचरवर सही करायला नकार दिला होता. त्याची बदली झाली. त्याच्या जागी आलेले गृहस्थ कशालाच नाही म्हणत नाहीत. शाखा सुरळीत चालू आहे. जनरेटरही दहा मिनिटं सुरळीतच चालला होता.

परवा घरी सौभाग्यवतींनी आवाज चढवला. सवयीने मी म्हणणार होतो, "बरं बरं, साडी घेऊ." तेवढ्यात साबण आठवला. मुकाट्याने बसलो आणि सगळं ऐकून घेतलं.

बोल्ट माझाच ढिला निघाला.