ताप किती, यापेक्षा पोर कसं आहे?

पावसाळा लागला की घरोघरी कुणीतरी पांघरूण घेऊन पडलेलं असतं. कपाळाला हात लावून ‘चटका बसतोय’ म्हणण्यावर भागवू नका, घरात थर्मामीटर ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला की ताप समजा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप असेल तर औषध देऊन वाट बघू नका. मध्यरात्र असली तरी तडक दवाखाना गाठा.

त्याहून मोठ्या मुलांचं नुसत्या आकड्यावर ठरत नाही. १०२ ताप असूनही पोरगं अधूनमधून खेळतंय, पाणी पितंय, लघवी होतेय, तर थोडा धीर धरता येतो. मलूल पडलेलं, धाप लागलेलं, काही तोंडात न घेणारं मूल १०१ लाही लगेच दाखवायला हवं.

पॅरासिटामॉल देताना बाटलीवरचं बारीक अक्षर वाचाच. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, तसंच २५० चंही. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे पहिल्यातलं साधारण ६ मिली, दुसऱ्यातलं फक्त ३. तान्ह्यांचे ड्रॉप्स तर याहूनही कडक. ‘एक चमचा दे गं’ असं सांगणाऱ्या मावशीला आधी विचारा, कुठल्या बाटलीतला? बाटलीसोबतच्या मापानेच द्या, दोन डोसांत किमान चार तास जाऊ द्या आणि दिवसात चारच्या वर डोस नकोत. मोठ्यांनीही सर्दीच्या गोळीचं पाकीट उलटून बघावं, त्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतंच.

घाम काढायला घोंगडी नको, बर्फाच्या पट्ट्याही नकोत. तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. कांदा, चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट हॉस्पिटल; थांबला तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

डेंग्यूची शंका असेल तर अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. आणि इथे बरेच जण फसतात: डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो. ताप गेला म्हणून कामावर निघालात आणि पोट दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, संशय त्यावरूनच येतो.