वाढत्या डोक्याचं हेल्मेट

आमच्या गेटवर नियम आहे : हेल्मेट नसेल तर गाडी आत नाही. नियम चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातून हॉस्टेलमध्ये भलतीच प्रथा पडली. विंगमध्ये हेल्मेटं तीन आणि डोकी वीस. ज्याला बाहेर जायचंय त्याने खिळ्यावरचं काढायचं, डोक्यावर ठेवायचं (‘घालायचं’ म्हणत नाही मी, ‘ठेवायचं’च), वॉचमनकाकांना दर्शन द्यायचं आणि पुढच्या वळणावर कोपरात अडकवायचं.

त्या तिनातलं एक माझं होतं. फर्स्ट इयरला बाबांनी घेऊन दिलेलं. शाळेचा युनिफॉर्म कसा वाढत्या अंगाचा घेतात, तसं हेही एक साईझ मोठं. "असू दे, वारा लागेल डोक्याला." अठराव्या वर्षी डोकं अजून किती वाढणार, हा प्रश्न त्यांनाही पडला नाही आणि मलाही. दुकानदाराने वरून एक टपली मारली, ‘एकदम फिट’ म्हणाला आणि बिल फाडलं.

गेल्या पावसाळ्यात तेच हेल्मेट घालून आमचा एक मित्र झेरॉक्स आणायला गेला. त्याचं डोकं माझ्याहूनही लहान. रस्त्यावर वाहून आलेल्या वाळूवर गाडी घसरली. स्पीड फार नव्हता. पण तो रस्त्यावर आपटायच्या आधीच हेल्मेट डोक्यावरून निघून गेलं होतं. नंतर जो तो त्याला म्हणायचा, "पट्टा लावला नसशील." लावला होता हो. पण माझ्या हनुवटीच्या मापाने, म्हणजे ढिला. कपाळाला टाके पडले, आणि दोन दिवस तो मला सारखा विचारत होता, "आज वार कोणता रे?" आता ठणठणीत आहे. मला मात्र ते हेल्मेट खिळ्यावर बघवेना.

पुण्यात हेल्मेट म्हटलं की भांडण ठरलेलं. २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी सक्ती केली, तेव्हा लोक पगड्या घालून निषेधाला उतरले होते. मान दुखते, घाम येतो, डोकं ठणकतं, या तक्रारींवर मीही तेव्हा हसायचो. आता हसत नाही. माझं मत असं झालंय की यातल्या बऱ्याच तक्रारी हेल्मेटच्या नाहीतच, त्या चुकीच्या मापाच्या आहेत. दोन नंबर लहान बूट घालून चाललो तर चालण्यालाच कोण नावं ठेवतं?

आणि आपण तर इंजिनिअर! हेल्मेटच्या कवचाच्या आतला पांढरा थर म्हणजे आपला थर्माकोलच. डोकं आपटलं की तो चेपतो आणि डोक्याला थांबायला जागा देतो. गणित शाळेतलंच आहे. माणसाच्या उंचीवरून डोकं खाली आलं तर वेग सेकंदाला साधारण ६ मीटर. दोन मिलिमीटरमध्ये थांबलं तर ९०० जी, अडीच सेंटिमीटरमध्ये थांबलं तर ७५ जीच्या आत. सगळा खेळ त्या अडीच सेंटिमीटरचा. पण हेल्मेट जागेवर राहिलं तर! (एकदा चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाद.)

नवीन घ्यायला गेलो तेव्हा पहिल्यांदाच टेप लावली. भुवयांच्या जरा वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात जास्त बाहेर येतं तिथून. माप आलं ५८० मिमी. जुन्याच्या आत ६०० लिहिलेलं होतं, तीन वर्षं वाचलंच नव्हतं. पण टेप अर्धंच सांगते. घेर सारखा असला तरी कुणाचं डोकं गोल, कुणाचं मागे-पुढे लांबट. रूमी ज्या कंपनीची आरती करायचा, तिचं ५८० माझ्या कपाळावर सात मिनिटांत टोचायला लागलं. गाल दाबले गेले तर घाबरू नका, गालाचे पॅड वापरून सैलावतात. कपाळाचं टोचणं मात्र जात नाही, ते हेल्मेट ठेवून द्या. घातल्यावर दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे फिरवा, गालाची कातडी सोबत ओढली गेली पाहिजे. मग पट्टा आवळून मागची कड वर, पुढच्या बाजूला ओढा. निघालं, तर तुमचं नाही. चष्मेवाल्यांनी चष्म्यासकट बघा.

आयएसआयचा छाप तर हवाच. १ जून २०२१ पासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी हायवेच्या कडेला ढीग दिसतातच. पण छाप हेल्मेटची परीक्षा झाल्याचं सांगतो, तुमच्या डोक्याची नाही. ऑनलाईन स्वस्त मिळतं, मान्य. डोकं कुरिअरने पाठवता येत नाही, एवढीच अडचण.

चौथं हेल्मेट मला बसलं. ते मी खिळ्यावर टांगत नाही, कपाटात ठेवतो. यावरून विंगमध्ये माझं नाव कंजूष पडलंय. परवा तोच मित्र आला, "दे ना राव, दहा मिनिटांत येतो." दिलं नाही. रविवारी त्याला धरून दुकानात नेलं आणि एक हेल्मेट घालून पंधरा मिनिटं स्टुलावर बसवून ठेवलं. शेवटी मालकांनी न राहवून विचारलं, "घेणार आहात ना, की नुसतंच बसायचंय?"

"काका, अजून सहा मिनिटं," तो आतून म्हणाला.